सामाईक प्लेलिस्ट, ४०३ची त्रुटी आणि ‘भर घालता यावी, पण काढता येऊ नये’ ही अडचण

ताम्हण (धागाकर्ता)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचे सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

आमच्या चौदा जणांच्या गटाची स्पॉटिफायवर नाट्यसंगीताची एक सामाईक प्लेलिस्ट आहे. स्पॉटिफाय भारतात आले फेब्रुवारी २०१९मध्ये, आणि त्याच वर्षी आमच्यातल्या एका मैत्रिणीने ही यादी सुरू केली. त्यामुळे मालकी तिच्या खात्याकडे आहे आणि बाकीचे आम्ही तेरा जण सहसंपादक आहोत. आज तीत सहाशेहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत. एकच पद चार जणांनी गायले असेल तर चारही ठेवायची, कारण तुलना करून ऐकणे हाच या यादीचा हेतू आहे.

गटातले निम्मे सदस्य साठीच्या पुढचे आहेत. त्यांना गाणे सापडते, पण ते नेमक्या यादीत टाकणे जमत नाही. म्हणून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टेलिग्रामवरच्या आमच्या गटात कोणी गाण्याचा दुवा टाकला की प्रोग्रॅमने तो उचलायचा आणि स्पॉटिफायच्या वेब एपीआयमधून (बाहेरच्या प्रोग्रॅमना स्पॉटिफायकडून काम करून घेण्यासाठी ठेवलेल्या सोयीतून) ते गाणे यादीत घालायचे, एवढेच त्याचे काम. माझ्या स्वतःच्या एका जुन्या यादीवर तो दोन आठवडे बिनबोभाट चालला. मैत्रिणीच्या यादीचा क्रमांक दिला, तर मात्र उत्तर येते ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. गंमत म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपमधून त्याच यादीत, त्याच माझ्या खात्याने, मला गाणे घालता येते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. गेल्या महिन्यात कोणाच्या तरी हातून फोनवर चुकून चाळीसेक गाणी यादीतून निघून गेली, आणि आठ दिवस कोणाच्याच ते लक्षात आले नाही. कोणी केले हे शोधण्यात मला रस नाही. सदस्यांना भर घालता यावी, पण काढता येऊ नये, अशी परवानगी एपीआयमधून देता येते का, एवढेच विचारायचे आहे.

रात्रपाळी

४०३ हा आकडा एकच असला तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान करता येणार नाही. कृपया तीन गोष्टी पाहून सांगाल का? पहिली, उत्तराच्या मजकुरात आकड्याशेजारी जो संदेश येतो तो नेमका काय आहे. पुष्कळ तयार लायब्ररी तो गिळून टाकतात, म्हणून मूळ उत्तर छापून पाहावे. दुसरी, तुमची जी यादी चालली ती सार्वजनिक होती की खासगी. तिसरी, टोकन (खातेदाराच्या संमतीने प्रोग्रॅमला मिळणारा परवाना) मिळताना सर्व्हर जे उत्तर देतो त्यात ‘स्कोप’ नावाचे एक क्षेत्र असते, म्हणजे कोणकोणत्या कामांची परवानगी मिळाली ते. त्यात काय लिहिले आहे. तुम्ही कोणते स्कोप मागितलेत ते नको, मिळाले कोणते ते हवे आहे.

ताम्हण

पाहिले. संदेश आहे ‘इन्सफिशियंट क्लायंट स्कोप’. माझी जुनी यादी सार्वजनिक होती. टोकनाच्या उत्तरात एकच स्कोप दिसतो: ‘प्लेलिस्ट-मॉडिफाय-पब्लिक’. खरे सांगायचे तर इंटरनेटवरच्या एका नमुन्यातून ती ओळ जशीच्या तशी उचलली होती.

रात्रपाळी

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायकडे चार स्कोप आहेत. दोन वाचनाचे, ‘प्लेलिस्ट-रीड-प्रायव्हेट’ आणि ‘प्लेलिस्ट-रीड-कोलॅबोरेटिव्ह’. दोन बदलाचे, ‘प्लेलिस्ट-मॉडिफाय-पब्लिक’ आणि ‘प्लेलिस्ट-मॉडिफाय-प्रायव्हेट’. इथे ‘सामाईक यादी बदलण्याचा’ असा वेगळा स्कोप नाही, हे ध्यानात घ्या. बहुतेकांची फसगत तिथेच होते. वाचनात कोलॅबोरेटिव्ह हा शब्द दिसतो, म्हणून माणूस बदलाच्या बाजूलाही तो शोधतो आणि सापडला नाही की जवळचा वाटणारा ‘पब्लिक’ उचलतो. दहा जणांसाठी खुली असलेली यादी म्हणजे सार्वजनिक यादी, असे आपल्याला सहज वाटते. एपीआयच्या हिशेबात ते नेमके उलट आहे. यादीवर सामाईकपणाची खूण करायची असेल तर ती सार्वजनिक नसली पाहिजे, अशी तिथे अटच आहे. तेव्हा सामाईक म्हणून खूण केलेली यादी खासगीच्या बाजूला पडते आणि तिच्यासाठी ‘मॉडिफाय-प्रायव्हेट’ लागतो. एपीआयमधून नवी सामाईक यादी तयार करायची असेल, तर बदलाचे दोन्ही स्कोप हाताशी असावे लागतात.

इथे ‘पब्लिक’ शब्दाचा अर्थही जरा समजून घ्यावा. यादी खातेदाराच्या प्रोफाइलवर झळकते की नाही, एवढेच त्या क्षेत्रातून कळते. यादीत कोण बदल करू शकतो, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तुम्ही चारही स्कोप मागा. ‘रीड-कोलॅबोरेटिव्ह’ मागितला नाहीत, तर सदस्याच्या याद्यांची जंत्री मागवल्यावर सामाईक याद्या तीत येणार नाहीत, आणि ‘यादी आहे, पण दिसत नाही’ असा नवा धागा तुम्हाला काढावा लागेल.

ताम्हण

मनःपूर्वक आभार. प्रोग्रॅममध्ये चारही स्कोप लिहिले, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि तरीही तोच ४०३, तोच संदेश.

रात्रपाळी

कारण तुमचा प्रोग्रॅम अजून जुन्याच रिफ्रेश टोकनवर चालला आहे. प्रवेशाचे टोकन ३६०० सेकंद, म्हणजे एक तास टिकते. त्यानंतर रिफ्रेश टोकन दाखवून नवे घ्यायचे असते. पण रिफ्रेश टोकनला आठवते ती पहिल्या वेळी दिलेली संमती. तुम्ही प्रोग्रॅममध्ये कितीही नवे स्कोप लिहिलेत, तरी खातेदाराने संमतीच्या पानावर पुन्हा ‘मान्य’ केल्याखेरीज ते टोकनात उतरत नाहीत. साठवलेली टोकनची फाइल काढून टाका आणि संमतीच्या पानाकडे नव्याने जा; दुव्यात ‘शो-डायलॉग’ला ‘ट्रू’ दिलेत तर ते पान हमखास दिसेल.

जाता जाता एक सावधगिरी. परतीच्या पत्त्यात, म्हणजे संमतीनंतर ब्राउझर जिथे परत येतो त्या पत्त्यात, तुम्ही ‘लोकलहोस्ट’ असा शब्द लिहिला असेल तर तो आता चालत नाही. २०२५मध्ये हे नियम कडक झाले असून आपल्याच यंत्राकडे परत यायचे असेल तर १२७.०.०.१ असा आकडी पत्ता द्यावा लागतो. जुन्या लेखांतले नमुने यामुळेच अडखळतात.

ताम्हण

झाले! माझ्या खात्यातून मैत्रिणीच्या यादीत पहिले गाणे प्रोग्रॅमने घातले. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या का?

खिडकीतला

दुसऱ्या प्रश्नाला एवढा विचार कशाला? मालकीण तुमची मैत्रीण आहे. तिचा पासवर्ड घ्या, सगळ्यांना सहसंपादकपदावरून काढा आणि तिच्याच खात्यातून तुम्ही गाणी घाला. स्कोप नको, टोकन नको.

गुणगुण

खिडकीतला, तुमच्या सूचनेतला अर्धा भाग मला पटतो, पण पासवर्डचा अर्धा मुळीच नाही. ओऑथ, म्हणजे संमतीच्या पानावरून टोकन देण्याची ही पद्धत, निघाली तीच मुळी पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्यावा लागू नये म्हणून. पासवर्ड दिला की त्या खात्याचे सगळेच दिले: ऐकण्याचा इतिहास, बिलाचा तपशील, खाते बंद करण्याची सोयसुद्धा. टोकन दिले तर फक्त नेमून दिलेले काम देता येते, आणि मन बदलले तर खात्याच्या पानावर जाऊन त्या एका प्रोग्रॅमची परवानगी काढून घेता येते. पासवर्ड बदलत बसावे लागत नाही.

ताम्हण, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यामागचे कारण समजले तर पुढची वाट आपोआप दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मुखत्यारपत्र असते, त्याची आठवण करा. गावच्या जमिनीचे व्यवहार पाहण्यासाठी काका पुतण्याच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात. त्यात काकांना एवढेच ठरवता येते की आपल्या अधिकारांपैकी कोणते पुतण्याने वापरावेत. काकांचा ज्या शेतावर हक्कच नाही, ते शेत त्या कागदाने पुतण्याला विकता येत नाही. स्कोप म्हणजे हे मुखत्यारपत्र आहे. ते सदस्य आणि प्रोग्रॅम यांच्यातले असते. यादीवर त्या सदस्याचा हक्क किती, हा निराळा मामला आहे आणि तो मालक आणि सदस्य यांच्यातला आहे. प्रोग्रॅमला एखादा बदल करता येण्यासाठी दोन्ही लागतात. यांतले एक अपुरे पडले की ४०३. तुम्हाला अ‍ॅपमधून गाणे घालता येत होते आणि प्रोग्रॅममधून नाही, कारण हक्क होता, पण मुखत्यारपत्र तोकडे होते.

आता अडचण अशी की दोन्ही कागदांत ‘फक्त भर’ हे कलमच नाही. ‘मॉडिफाय’ या एका शब्दात घालणे, काढणे, क्रम बदलणे आणि संपूर्ण यादी एका फटक्यात बदलून टाकणे हे सगळे येते. दुसरीकडे यादीच्या वर्णनात सामाईकपणासाठी एकच ‘कोलॅबोरेटिव्ह’ क्षेत्र आहे, तेही होय किंवा नाही एवढेच सांगणारे. सहसंपादक कोण कोण आहेत याची नावेसुद्धा वर्णनात येत नाहीत, आणि एपीआयमधून कोणाला आमंत्रण पाठवण्याची सोय नाही; ते अ‍ॅपमधूनच करावे लागते. गूगल डॉक्समध्ये वाचक, टिप्पणीकार आणि संपादक अशा पायऱ्या असतात, त्यांची सवय झालेल्या माणसाला हे फार ढोबळ वाटते. मला स्वतःला यात तेवढा दोष दिसत नाही. गाण्यांची यादी म्हणजे काही करारनामा नव्हे, आणि दोन मित्रांनी सहलीसाठी गाणी जमवायची, एवढ्या कामाला होय-नाही पुरते. तुमचा गट त्या कल्पनेच्या पलीकडे गेला आहे, इतकेच.

म्हणून नियम यादीवर लादता येत नसेल तर तो तुमच्या प्रोग्रॅममध्ये ठेवा. मैत्रिणीने यादीचा सामाईकपणा बंद करावा. प्रोग्रॅमला संमती तिने एकटीने, तिच्या खात्यातून द्यावी. सदस्यांनी दुवे टेलिग्रामवर टाकत राहावे. प्रोग्रॅममध्ये गाणे काढण्याची आज्ञाच लिहू नका, म्हणजे भर घालता येते आणि काढता येत नाही, ही तुमची अट पूर्ण होते.

यात एक गोष्ट मात्र गमवावी लागते. यादीतल्या प्रत्येक नोंदीला ‘अ‍ॅडेड-बाय’ आणि ‘अ‍ॅडेड-अ‍ॅट’, म्हणजे कोणी घातले आणि केव्हा, अशी दोन क्षेत्रे असतात. या पद्धतीत इथून पुढे प्रत्येक गाणे मैत्रिणीनेच घातले असे दिसेल.

ताम्हण

मुखत्यारपत्राच्या उदाहरणाने डोक्यात लख्ख उजेड पडला. पण गाणे कोणी घातले, हे आमच्या गटात फार जिव्हाळ्याचे आहे. ‘हे काकूंनी शोधलेले’ म्हणून लोक गाणी ऐकतात. त्यामुळे मी आधी दुसरी वाट चाचपून पाहतो: प्रत्येक सदस्याने आपापल्या खात्यातून प्रोग्रॅमला संमती द्यायची, प्रोग्रॅमने ज्याचे गाणे त्याच्या टोकनने घालायचे, आणि सामाईकपणा तसाच ठेवायचा. काढलेली गाणी परत घालायची काही व्यवस्था प्रोग्रॅममध्येच करता येईल असे वाटते.

ताम्हण

दोन दिवसांनी परत आलो आहे. एका सदस्याला घरी जाऊन संमतीच्या पानावर ‘मान्य’ करायला लावले. चारही स्कोप टोकनात दिसतात. तो सहसंपादक आहे, अ‍ॅपमधून त्याला गाणे घालता येते. म्हणजे गुणगुण म्हणतात ते दोन्ही कागद पूर्ण आहेत. तरी ४०३! या वेळी संदेश वेगळा आहे. हा सदस्य डेव्हलपर डॅशबोर्डवर (मी माझा प्रोग्रॅम स्पॉटिफायकडे जिथे नोंदवला त्या पानावर) नोंदलेला नाही, अशा अर्थाचा.

रात्रपाळी

हे तिसरे कुलूप, आणि त्याची किल्ली ना सदस्याकडे असते ना यादीच्या मालकिणीकडे. नवा प्रोग्रॅम नोंदवला की तो ‘डेव्हलपमेंट मोड’मध्ये असतो. त्या अवस्थेत प्रोग्रॅमच्या कर्त्याने डॅशबोर्डवर नावानिशी नोंदवलेल्या मोजक्याच खातेदारांसाठी एपीआय काम करतो. इतरांना संमतीचे पान दिसते, त्यांना ‘मान्य’ही करता येते, टोकनही मिळते, आणि मग पहिल्याच विनंतीला ४०३. टोकन मिळाल्यामुळे माणूस स्कोप तपासत बसतो आणि वेळ जातो. त्या सदस्याचे नाव आणि खात्याचा ईमेल डॅशबोर्डवर नोंदवा, म्हणजे काम होईल. मात्र ही जागा मर्यादित असते, आणि चौदा जणांच्या गटासाठी त्या मर्यादेच्या भरवशावर प्रोग्रॅम बांधणे मला धोक्याचे वाटते, कारण सेवा पुरवणारी कंपनी अशा अटी कधीही आवळू शकते. नोव्हेंबर २०२४मध्ये स्पॉटिफायने नव्या प्रोग्रॅमसाठी गाण्यांच्या शिफारशी, ध्वनीची वैशिष्ट्ये आणि संबंधित कलाकार असे कितीतरी भाग एकाच घोषणेत बंद केले होते. प्लेलिस्टमधले बदल त्यात नव्हते, पण धडा घेण्यासारखा होता.

गुणगुण यांच्या पद्धतीत संमती एकाच खात्याची लागते, म्हणजे नोंदही एकाचीच.

खिडकीतला

प्रोग्रॅमला स्वतःचीच परवानगी का घेता येत नाही? क्लायंट क्रेडेन्शियल्स नावाची पद्धत वाचली होती, तीत कोणाच्याच संमतीची गरज पडत नाही.

रात्रपाळी

पडत नाही, कारण त्या टोकनामागे कोणी खातेदारच नसतो. त्याने गाण्याचे नाव, गायक आणि कालावधी अशी सर्वांना खुली असलेली माहिती वाचता येते. यादी बदलायची तर ती कोणाच्या वतीने, याला उत्तर लागते, आणि ते त्या टोकनाकडे नाही.

दूरदेशी

मी टोरांटोत राहतो आणि पुण्यातल्या भावंडांबरोबर अशीच एक यादी चालवतो. परवानग्या सगळ्या ठाकठीक असूनही माझ्याकडचा प्रोग्रॅम एक गाणे काढू शकत नव्हता. उत्तर यायचे २००, म्हणजे सारे आलबेल, आणि गाणे जागच्या जागी. तुम्ही काढण्याची आज्ञा लिहिणारच नसाल तर हे सोडून द्या, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

एकाच ध्वनिमुद्रणाच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या नोंदी असू शकतात. भारतात घातलेली नोंद कॅनडात उपलब्ध नसेल, आणि तुम्ही विनंतीत बाजारपेठ म्हणून कॅनडा दिला असेल, तर एपीआय तिच्या जागी इथे वाजणारी नोंद दाखवतो. यादीत असते मात्र मूळचीच. मूळ नोंदीचा क्रमांक तेव्हा ‘लिंक्ड-फ्रॉम’ या भागात दिलेला असे. मी दिसणारा क्रमांक देऊन गाणे काढायला सांगत होतो, आणि तो क्रमांक यादीत नव्हताच. चूक माझी, कारण दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे. काढायचे असेल तर मूळ नोंदीचा क्रमांक द्यावा. असे गाणे यादीत आधीपासून आहे का, हे तपासतानाही हाच घोटाळा होतो आणि एकच ध्वनिमुद्रण दोनदा पडते.

गुणगुण

दूरदेशी यांनी काढण्याचा विषय काढलाच आहे, तर ताम्हण यांच्या ‘काढलेले परत घालण्याच्या’ कल्पनेविषयीही लिहिते. ती करता येण्यासारखी आहे. फक्त दोन-तीन खाचखळगे आहेत.

यादीत काहीही बदलले की तिचा ‘स्नॅपशॉट-आयडी’ बदलतो. तो त्या क्षणीच्या आवृत्तीचा क्रमांक समजा. त्यामुळे दर वेळी सहाशे गाणी मागवून पडताळायची गरज नाही. ‘फील्ड्स’ या सोयीने फक्त स्नॅपशॉट-आयडी मागवावा, आणि तो आधीच्यापेक्षा वेगळा आला तरच पूर्ण यादी आणून जुन्या नकलेशी ताडून पाहावी. दर दहा मिनिटांनी हे केले तरी भार नगण्य पडतो. विनंत्यांची मर्यादा तीस सेकंदांच्या सरकत्या कालखंडावर मोजली जाते. ती ओलांडली तर ४२९ येतो आणि किती सेकंद थांबायचे ते ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये लिहिलेले असते. तेवढे थांबावे, धडका मारू नयेत.

पण स्नॅपशॉट-आयडी म्हणजे कुलूप, असे समजू नका. तुम्ही जुना क्रमांक देऊन एखादे गाणे काढायला सांगितलेत आणि मधल्या काळात यादी बदलली असली, तरी विनंती नाकारली जात नाही. त्या जुन्या आवृत्तीत ते गाणे होते ना, एवढे पाहून बदल केला जातो. दोघांनी एकाच वेळी हात घातला तर ‘आधी दुसऱ्याचे पाहा’ असे कोणी सांगणार नाही.

याहून धोकादायक आहे ती यादी संपूर्ण बदलण्याची विनंती. चाळीस गाणी परत आणायची म्हणून कोणी जुन्या नकलेने सारी यादीच बदलून टाकली, तर मधल्या आठ दिवसांत इतरांनी घातलेली गाणी जातील. शिवाय एका विनंतीत जास्तीत जास्त १०० गाणी बसतात. सहाशेच्या यादीवर पहिली शंभर पाठवून प्रोग्रॅम मध्येच पडला, तर यादीत उरतील ती शंभरच. परत आणताना नेहमी ‘घाला’ हीच आज्ञा वापरावी, आणि जागेचा आकडा शून्यापासून मोजला जातो हे विसरू नये.

आणखी एक खोच तुमच्या यादीला विशेष लागू आहे. काढण्याची विनंती गाण्याच्या क्रमांकावर चालते, आणि तोच क्रमांक यादीत तीन ठिकाणी असेल तर तिन्ही जातात. चार गायकांची चार ध्वनिमुद्रणे असतील तर चिंता नाही, कारण त्यांचे क्रमांक वेगळे असतात. पण दोन सदस्यांनी एकच ध्वनिमुद्रण घातले असेल आणि त्यातले जादाचे काढायला गेलात, तर दोन्ही नोंदी हरवतील.

शेवटी, परत घातलेल्या गाण्यावर मूळ सदस्याचे नाव राहत नाही. ज्याच्या टोकनने ते परत आले त्याचे नाव आणि परत आल्याची तारीख लागते. म्हणजे ज्या जिव्हाळ्यासाठी तुम्ही ही लांबची वाट धरता आहात, तो पहिल्याच अपघातात नाहीसा होतो.

ताम्हण

हा शेवटचा परिच्छेद वाचला आणि आमची सामाईक यादी उघडून पाहिली. खरेच की! चुकून निघून गेलेली ती चाळीस गाणी मीच परत घातली होती, आणि त्यांच्यावर सगळीकडे माझेच नाव आहे. त्यांतली निदान दहा काकूंची होती.

सुपारी

विषय स्पॉटिफायचा आहे, तरी दुसरीकडे काय आहे हे एका दमात सांगतो, म्हणजे ‘तिकडे जाऊ या’ हा मोह आवरेल. यूट्यूबच्या एपीआयमध्ये यादीत एक व्हिडिओ घालायला ५० एकके खर्ची पडतात आणि एका प्रकल्पाला ठरावीक कोटा दिवसाला १०,००० एककांचा असतो. म्हणजे बाकी काहीही न करता दोनशे गाणी. अ‍ॅपल म्युझिकमध्ये सामाईक याद्या जानेवारी २०२४मध्ये, आयओएस १७.३बरोबर आल्या. तिथल्या एपीआयमध्ये सदस्याच्या संग्रहातल्या यादीला ‘कॅन-एडिट’ असे क्षेत्र असते, हे मला स्पॉटिफायपेक्षा सरळ वाटते. यादी बदलता येईल की नाही ते विचारल्यावर कळते, आपटून पाहावे लागत नाही. आणि वेब एपीआयमधून गाणी यादीच्या शेवटी घालता येतात, काढता येत नाहीत. ताम्हण यांना हवे तेच, पण त्यांना हवे म्हणून नव्हे!

ताम्हण

सर्वांचे आभार. काय ठरले आणि काय केले ते लिहितो.

गुणगुण यांची पद्धत स्वीकारली. मैत्रिणीचे खाते डॅशबोर्डवर नोंदवले, तिच्या घरी बसून तिच्याकडूनच संमती घेतली. नवी यादी काढली नाही, कारण जुन्या नोंदींवरची नावे त्यामुळे गेली असती. तिने अ‍ॅपमधून एकेक सहसंपादक काढला आणि सामाईकपणा बंद केला. जुनी नावे जशीच्या तशी राहिली. तिला मागितलेले स्कोप तीन आहेत, दोन बदलाचे आणि एक खासगी याद्या वाचण्याचा. ‘रीड-कोलॅबोरेटिव्ह’ आता लागत नाही, म्हणून तो मागितला नाही. तिचे रिफ्रेश टोकन माझ्या सर्व्हरवर आहे, आणि ते मला नकोशी जबाबदारी वाटते. त्यासाठी प्रोग्रॅम निराळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालवतो आणि टोकनची फाइल त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. तिला मी परवानगी काढून घेण्याचे पानही दाखवून ठेवले आहे. माझ्याशी भांडण झाले तर काय करायचे ते तिला ठाऊक असावे!

गाणे कोणी सुचवले याची नोंद प्रोग्रॅम आता एका साध्या तक्त्यात ठेवतो: दुवा, सदस्याचे टोपणनाव, तारीख. दर रविवारी तो गटात ‘या आठवड्यात कोणी काय आणले’ असा संदेश पाठवतो. यादीतल्या बारीक अक्षरांपेक्षा लोकांना हा संदेशच अधिक आवडला आहे. त्या चाळीस गाण्यांची मूळ नावे टेलिग्रामवरच्या जुन्या गप्पांतून शोधून भरली. चार गाण्यांचा पत्ता लागला नाही, आणि त्या चारांवर दोन सदस्यांनी हक्क सांगितला आहे.

गाणे काढायचे असेल तर मैत्रिणीला सांगायचे, तिला पटले तर ती अ‍ॅपमधून काढते. आतापर्यंत तिने एकही काढलेले नाही.

एकच बारीक प्रश्न उरला. एका सदस्याने घरातल्या जुन्या कॅसेटवरची सात पदे संगणकावर उतरवून घेतली आहेत. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ती ‘लोकल फाइल्स’ म्हणून दिसतात. ती प्रोग्रॅममधून यादीत घालता येतील का?

रात्रपाळी

नाही. स्थानिक फाइल एपीआयमधून यादीत घालता येत नाही. ती आधीच यादीत असेल तर तिची जागा बदलता येते किंवा ती काढता येते, एवढेच. मैत्रिणीने लॅपटॉपवरच्या अ‍ॅपमधून ती सात पदे हाताने ओढून टाकावीत. इतरांना त्यांची नावे यादीत दिसतील, पण ज्याच्या यंत्रावर ती फाइल नाही त्याच्याकडे ती वाजणार नाहीत.

ताम्हण

मग ती सातही पदे सरळ टेलिग्रामवर टाकायला सांगतो. यादीत वाजत नसलेले नाव पाहून गटातले सगळे मलाच फोन करतील.